मांजरपाटावरचं कॅथीड्रल

आबांनी हातातल्या काठीनं पडद्यावरचं घड्याळ दाखवलं आणि म्हणाले, "हे एवढं पुसून टाका. बाकी देऊळ ते देऊळच हाय की."

पडदा आमच्या पेंटिंगच्या शेडमध्ये आढ्यापासून जमिनीपर्यंत सोडलेला होता. त्यावर एक विलायती चर्च होतं. टोकदार मनोरा, टोकदार खिडक्या, मनोऱ्यावर घड्याळ आणि पायथ्याशी हिरवळ. आधीच्या एका नाटकातल्या लंडनच्या लग्नासाठी मीच तो रंगवला होता. नव्या नाटकात मात्र कॉकेशसच्या डोंगरातल्या एका राणीचा राज्याभिषेक होता, आणि तोही सातआठशे वर्षांपूर्वीचा.

आबा आमच्या नाटक मंडळीचे मालक. मॅनेजरही तेच. आवाज मोठा आणि निर्णय झटपट. मी मंडळीचा पेंटर. मला नावानं कुणी हाक मारत नसे, सगळे पेंटरच म्हणत.

मी म्हणालो, "आबा, घड्याळ पुसलं तरी हे लंडनच राहणार. त्या मुलखातली चर्चं निराळी असतात."

"तुम्ही बघितल्यात?"

"नाही."

"मग कोल्हापुरात आणि कुणी बघितल्यात?"

याचं उत्तर त्याच दुपारी मास्तर घेऊन आले. मास्तर म्हणजे आमचे नाटककार. हायस्कुलात इतिहास शिकवायचे आणि उरलेल्या वेळात नाटकं लिहायचे. महाराजांच्या पागेत त्या सुमाराला एक परदेशी गृहस्थ घोडी शिकवायला आले होते. सगळं गाव त्यांना रशियन साहेब म्हणायचं. मास्तरांना पागेतून कळलं की साहेब रशियन नाहीत, जॉर्जियाचे आहेत, म्हणजे आमच्या राणीच्याच देशाचे. तिकडं राज्य उलटल्यावर ते बाहेर पडले आणि मुलूख तुडवत इथं पोहोचले. पहिल्या प्रयोगाला महाराज येणार हे ठरलेलंच होतं. आता ते साहेबांना बरोबर घेऊन येणार होते.

आबा रंगाच्या पेटीवर बसले. मग म्हणाले, "पेंटर, नवीन पडदा घ्या करायला."

साहेबांनाच जाऊन विचारावं, असं मी सुचवून पाहिलं. पण ते महाराजांबरोबर शिकारीच्या कॅम्पवर गेले होते आणि प्रयोगाच्या आदल्या दिवसापर्यंत परतणार नव्हते. शिवाय आबांना ती कल्पनाच रुचली नाही. आपण न बघता न विचारता नाटक बसवलं, हे महाराजांच्या कानावर परस्पर जायला नको, असं त्यांचं म्हणणं होतं. मंडळीला थिएटर मिळत होतं ते महाराजांच्या कृपेनं. त्यांच्या पाहुण्यासमोर हसं झालं असतं तर पुढच्या मोसमात तोंड दाखवायला जागा उरली नसती.

इथं आमच्या धंद्याबद्दल थोडं सांगतो. नाटकाचा पडदा म्हणजे मांजरपाटाचे पट्टे एकाला एक शिवून केलेलं मोठं कापड. त्याला आधी सरसाचा आणि खडूचा हात द्यायचा. सरस म्हणजे जनावराच्या कातड्या-हाडांपासून काढलेला डिंक. तो चुलीवर वितळवायचा, त्याच्या वासानं नवशिका माणूस शेडमधून पळून जातो. मग सरसातच कोरडे रंग कालवून चित्र काढायचं. जवळून बघितलं तर ते फासल्यासारखं दिसतं, आणि तसंच दिसायला हवं. ते शेवटच्या रांगेसाठी असतं. खालच्या टोकाला बांबू असतो, त्यावर पडदा गुंडाळून वर जातो. ही गुंडाळी लक्षात ठेवा, पुढं तिनं मला रडवलं.

मास्तरांनी एका जाड इंग्रजी ग्रंथात चित्र शोधून काढलं. बोटभर उंचीचं, बाहेरून काढलेलं. उभट दगडी इमारत, मधोमध गोल बुरूज आणि त्यावर शंकूसारखी टोपी. खाली अर्धं पान माहिती होती, ती त्यांनी मला वाचून दाखवली. हे त्या देशाचं सर्वांत मानाचं चर्च. राजांचे अभिषेक तिथंच व्हायचे आणि कित्येक राजे तिथंच पुरलेले. मोठ्या धर्मगुरूची गादी जिथं असते त्या चर्चला कॅथीड्रल म्हणतात. तिकडचे ख्रिस्ती लोक ऑर्थोडॉक्स, म्हणजे रोमच्या पोपला न मानणारे, जुन्या पूर्वेकडच्या रीतीचे. आताची इमारत अकराव्या शतकातली. त्याआधी तिथं आणखी जुनं चर्च होतं, आणि त्याची बैलांची दोन दगडी मुंडकी नव्या भिंतीत जपून बसवलेली. स्वाऱ्या आल्या, भूकंप झाले, घुमट कोसळला, पुन्हा बांधला. गावाचं नाव म्त्स्खेता. ते म्हणताना मास्तरांची आणि माझी, दोघांचीही जीभ अडखळायची. शेवटी आम्ही त्याला नुसतं 'ते गाव' म्हणायला लागलो. चर्चच्या नावाचा अर्थ मात्र सोपा होता. जिवंत खांब.

बाहेरचा देखावा झाला. पण अभिषेक आत होता, आणि आतलं चित्र ग्रंथात नव्हतं.

यावर तोड काढली ती आबांनी. त्यांनी पेठेतल्या चार तालमींत निरोप धाडला, की चौदा सालच्या महायुद्धात कॉकेशसकडं कुणी गेलं असेल तर त्यानं येऊन भेटावं. कोल्हापुरात बातमी तालमीतून फिरते तशी तारेनंही फिरत नाही. दोन दिवसांत कागलहून दस्तगीर मुल्ला शेडच्या दारात उभा.

दस्तगीर फौजेच्या खेचरांच्या तुकडीत होता. लढाई थांबल्यावर त्यांची तुकडी तिकडं पाठवली होती, आणि वैरण आणायला त्याच्या त्या गावाला खेपा व्हायच्या. आता तो कागलात टांगा हाकत होता. मी त्याला ग्रंथातलं चित्र दाखवलं. त्यानं ते हातात घेऊन लांब धरलं.

"हेच. आत गेलतो की मी. पायताण काढलं, तर दाढीवाला बाबा म्हणतोय, घाल, फरशी गार हाय."

मग तो सांगत गेला आणि मी कोळशानं काढत गेलो. आत अंधार. खिडक्या अरुंद आणि फार उंचावर, त्यातून उजेड दोरखंडासारखा खाली येतो. जाड दगडी खांब. त्यातल्या एकाच्या जागी आधी देवदाराच्या झाडाचा खांब होता, तो उभाच राहीना, अधांतरी तरंगत राहिला आणि एका साध्वीनं प्रार्थना केल्यावर जागेवर बसला, अशी तिथली कथा. जिवंत खांब तो हाच. समोर मेणबत्त्या आणि चित्रांची एक आडवी भिंत, तिच्या पलीकडं फक्त पुजारी जातात. बाहेरच्या भिंतीवर उंचावर एक दगडी हात कोरलेला, मुठीत गवंड्याचा काटकोनी गुण्या. ज्यानं चर्च बांधलं त्याचा तो हात. त्याची कीर्ती त्याच्या गुरूला सोसली नाही, म्हणून गुरूनं राजाकडून त्याचा हात तोडवला, असं लोक सांगतात. खरंखोटं देव जाणे. आमच्या धंद्यात मत्सर पुष्कळ आहे, पण एवढ्यावर कधी आलं नाही.

"आणि भिंती?" मी विचारलं.

"पांढऱ्या. चुना मारलेल्या."

"सगळ्या?"

"समद्या न्हाईत. कुठंकुठं चुना पडलाय, तितनं रंग दिसतोय. एका जागी नुसता डोळा दिसायचा. बाकीचा मानूस चुन्याखाली. आनि एका भिताडावर गोल चाक हाय, त्यात खेकडा, इंचू, मासं."

बाजूला बसलेले मास्तर सरसावले. ते राशिचक्र होतं. ख्रिस्ती देवळात राशी कशा, हे आम्हाला कळेना, पण दस्तगीरनं बोटानं जमिनीवर काढलेला विंचू विंचूच होता.

चुन्याची हकिकतही त्याला त्यांच्या तुकडीच्या दुभाष्यानं सांगितली होती. मुलूख रशियाच्या ताब्यात गेल्यावर एकदा रशियाचा बादशहा तिथं यायचा होता. अधिकाऱ्यांना जुनी काळवंडलेली चित्रं बरी दिसेनात. त्यांनी सगळ्या भिंतींना चुना मारून घेतला. आणि बादशहा काही आला नाही.

मी पेंटर आहे. चुन्याचा हात किती झरझर होतो, ते मला माहीत आहे.

आता प्रश्न असा होता, की भिंती पांढऱ्या दाखवायच्या की चित्रांच्या? आबांचा निकाल तयार होता. पांढऱ्या. काम निम्मं होतं, आणि साहेबांनी जन्मभर पांढऱ्याच पाहिलेल्या. चित्रं काढली तर ते म्हणतील हे खोटं आहे.

मी म्हणालो, "राणी चुन्याच्या आधीची आहे, आबा. तिच्या अभिषेकाला भिंती पांढऱ्या कशा असतील?"

"साहेबाला कोन समजावणार? महाराजांच्या शेजारी बसून त्यो न्हाय म्हणाला, म्हंजे?"

"मग माझं नाव सांगा."

आबांनी मास्तरांकडं पाहिलं. मास्तर म्हणाले, पेंटरचं बरोबर आहे. आबा उठले. "जबाबदारी तुमची," एवढं म्हणून गेले.

म्हणायला म्हणालो, पण त्या भिंतींवर काय असेल ते मला ठाऊक नव्हतं. दुसऱ्या दिवशी दस्तगीर एक कापडाचं गाठोडं घेऊन आला. आत बोटभर जाडीची एक फळी होती. तिच्यावर सोनेरी जमीन आणि आई-मूल, म्हणजे ख्रिस्त आणि त्याची आई. तिकडच्या एका उपाशी म्हातारीला त्यानं आपल्या वाट्याचे पाव दिले होते, तेव्हा तिनं ती बळंच त्याच्या हातात दिली. अशा चित्राला तिकडं आयकॉन म्हणतात. घरी त्यानं ती फडताळात सगळ्यांत वरच्या कप्प्यात ठेवली होती. मी विचारलं, घरात कुणी काही म्हणत नाही?

"दुसऱ्याचा असला तरी देव हाय. नीट ठेवाय नको व्हय?"

ती फळी मी शेडमध्ये उजेडाला टेकवली आणि तिच्यासमोर बसून राहिलो. माझं शिक्षण सगळं छायाप्रकाशाचं. कोल्हापूरच्या पेंटरनं नाक काढलं तर ते चिमटीत धरता आलं पाहिजे, असं आमचे गुरू सांगायचे. या चित्रात सावलीच नव्हती. नाक लांब, ओठ बारीक, डोळे बदामासारखे आणि प्रमाणापेक्षा मोठे. पायाखालचा चौरंग तर उलटाच. लांब जाताना निमुळता व्हायच्या ऐवजी रुंद होत गेलेला. मला वाटलं चूक आहे. मग फळी खुंटीला टांगून शेडच्या पार टोकाला जाऊन पाहिली. आमची चित्रं बघणाऱ्याला आत घेऊन जातात. हे चित्र उठून आपल्याकडं येत होतं.

तरी सवय जाईना. पहिली आई मी सावल्या देऊन रंगवली. चांगली गोबरी झाली. दस्तगीरनं ती पाहिली आणि सांगितलं, की ही आपल्या नाटकातली नटी झाली, ती तशी बघत नाही. आमच्यात तेव्हा बायकांची कामंही पुरुषच करायचे, त्यामुळं हा शेरा जास्तच झोंबला. मी तिच्यावर खडूचा हात मारला आणि पुन्हा सुरुवात केली. या वेळी फळीवर कसं केलंय ते नीट बघितलं. त्यांनी चेहऱ्याला आधी गडद मातकट हिरवा रंग दिला होता, आणि त्यावर थरावर थर उजळ करत आणले होते. आम्ही उजेडातून सावलीकडं जातो. ते अंधारातून वर येत होते. तसं केल्यावर चेहऱ्यात उजेड बाहेरून पडल्यासारखा दिसेना, आतून आल्यासारखा दिसायला लागला. त्या दिवशी मी जेवायला उशिरा गेलो, पण शीळ घालत गेलो.

राहिलं सोनं. नाटकात सोनं म्हणजे बेगड, चकचकीत पातळ पत्रा. सरसानं चिकटवला. दिसायला झकास. पडदा बांबूवर गुंडाळून सोडला तर अर्धं सोनं तडकून शेडच्या फरशीवर. पुन्हा चिकटवला, पुन्हा तेच. आबा दारात उभे राहून बघत होते. मग नुसता पिवळा रंग देऊन पाहिला. तो गॅसबत्तीच्या उजेडात वरणासारखा दिसला.

मी परत फळीकडं गेलो. म्हातारीच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या हात लागून कडेचं सोनं झिजलं होतं. तिथं खालून लाकूड दिसायला हवं होतं. दिसत होता तांबडा रंग. त्यांनी सोन्याखाली तांबडी माती दिली होती.

तांबडी माती आमच्याकडं कमी आहे का? गेरू आणला, सरसात कालवून सोन्याच्या सगळ्या जागांना पातळ हात दिला. वाळल्यावर वरून सोनेरी पूड, तीही सलग नाही, विरळ, गेरू डोकावेल इतकी. पडदा चार वेळा गुंडाळला, चार वेळा सोडला. काहीही पडलं नाही. बत्त्या लावल्या. पिवळ्यानं कधी दिली नसती अशी ऊब त्या सोन्यातून येत होती. आबा पुढं आले, पडद्याला बोट लावून बोटाकडं पाहिलं आणि म्हणाले, "चहा सांगा पेंटरला."

आबांच्या तोंडून एवढं म्हणजे शालजोडीच.

मधल्या मोठ्या कमानीत मी ख्रिस्ताला बसवलं. एक हात आशीर्वादाचा, दुसऱ्यात ग्रंथ, चेहरा आईच्या चेहऱ्यावरून. खाली चित्रांची भिंत. एका बाजूला राशिचक्र. खांबांवर पायापासून वरपर्यंत साधुसंतांच्या रांगा. पेंटर खालच्या कोपऱ्यात आपलं नाव टाकतो. मी तिथं नाव घातलं नाही. दगडावर एक छोटा हात काढला आणि मुठीत गुण्या दिला.

पहिल्या प्रयोगाला थिएटर भरलं होतं. महाराज पुढच्या रांगेत, शेजारी साहेब. उंच माणूस, मिशा पांढऱ्या, बसणं घोड्यावर बसल्यासारखं ताठ. मी विंगेतून, म्हणजे रंगमंचाच्या बाजूच्या आडोशातून बघत होतो. दोन अंक त्यांनी मख्ख चेहऱ्यानं पाहिले. मराठीचं अक्षर त्यांना कळत नव्हतं.

तिसऱ्या अंकाला पुढचा पडदा वर गेला. मागं माझं कॅथीड्रल. पिटातल्या प्रेक्षकांत कुजबुज झाली आणि थांबली. साहेब उठून उभे राहिले.

आबा माझ्या मागंच होते. त्यांचा श्वास मला मानेवर जाणवत होता. मागच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं, "ओ पावणं, खाली बसा की!" साहेबांना ते ऐकूच गेलं नसावं. त्यांनी कपाळाला बोटं लावली, मग छातीला, मग उजव्या खांद्याला आणि शेवटी डाव्या. आपल्याकडचे पोपला मानणारे ख्रिस्ती लोक खांद्यांचा क्रम उलटा करतात. मास्तर माझ्या कानाशी हळूच म्हणाले, "ही त्यांची रीत. देवळात शिरताना करतात."

साहेब राणीच्या डोक्यावर मुकुट चढेपर्यंत उभे होते. महाराजांनी त्यांना बसवलं नाही, आणि मग मागून कुणी ओरडलंही नाही.

अंक संपल्यावर ते आत आले. मोडक्या इंग्रजीत बोलत होते आणि मास्तर मला मराठीत सांगत होते. त्यांचा बाप्तिस्मा, म्हणजे लहानपणीचा धर्मसंस्कार, त्याच चर्चमध्ये झालेला. भिंती पांढऱ्याच होत्या. चुन्याच्या आत माणसं आहेत, असं त्यांची आजी सांगायची, आणि लहानपणी त्यांना त्याची भीती वाटायची. ते पडद्याजवळ गेले आणि बराच वेळ वर बघत राहिले. मग मास्तरांना काही म्हणाले. मास्तरांनी मला सांगितलं, "म्हणतात, माझ्या आजीनंही हे बघितलं नव्हतं. मी बघितलं."

मग साहेबांनी आईच्या मनगटांकडं बोट दाखवलं आणि मिशीत हसले. फळीवर तिच्या बाहीला सोनेरी काठ होता. मी तो बांगड्या समजून दोन्ही हातांत भरभरून बांगड्या घातल्या होत्या. डोळे आमचे आहेत, हात तुमचे आहेत, असं ते म्हणाले. पुसू का, म्हणून मी विचारलं. त्यांनी मान हलवली, राहू दे.

दस्तगीर दारापाशी अंग चोरून उभा होता. मी त्याला हात धरून पुढं आणलं. तो अटेन्शनमध्ये उभा राहिला आणि म्हणाला, "गमरजोबा." तिकडचा नमस्कार. साहेब जागच्या जागी थबकले. त्यांनी त्यांच्या भाषेत भडाभडा काहीतरी विचारलं. दस्तगीरला एवढं कुठलं येतंय? त्याला आणखी एकच शब्द आठवत होता. "पुरी," तो म्हणाला, आणि आम्हाला सांगितलं, "पावाला पुरी म्हणत्यात तिकडं." साहेबांनी त्याला मिठी मारली. हा एवढा मोठा माणूस आमच्या टांगेवाल्याच्या खांद्यावर डोकं ठेवून रडला. आबांनी तोंड फिरवलं आणि विनाकारण बत्तीवाल्याला झापलं.

तो पडदा मंडळीबरोबर सांगली, मिरज, बेळगाव, हुबळीपर्यंत फिरला. कोल्हापुरात प्रयोग असला की साहेब यायचे, तिसऱ्या अंकाला उभे राहायचे. लोकांनाही सवय झाली. पुढं महाराज गेले, साहेबही कोल्हापूर सोडून गेले, नाटक जुनं झालं. मग नव्या नाटकासाठी जंगलाचा पडदा हवा होता आणि कापड महाग झालं होतं. आम्ही कॅथीड्रलचा पडदा पंचगंगेच्या घाटावर नेला. मीच धुतला. सरसाचा रंग पाण्यानं निघतो. आधी निळा गेला, मग चेहरे, मग सोनं, आणि सर्वांत शेवटी बराच वेळ तांबडं पाणी निघत राहिलं. वाळल्यावर त्यावर साग आणि बांबू रंगवले. ते जंगलही चांगलं झालं होतं.

लोक विचारतात, वाईट नाही वाटलं? आयुष्यात मी शंभरावर पडदे रंगवले, एकही शिल्लक नाही. या धंद्यात काम टिकत नाही, तेवढ्यापुरतं दिसतं. म्हणून ज्याला दाखवायचं, त्याला वेळेवर दाखवावं.